विम्याचा आकडा वाढला, दवाखाना तिथंच राहिला

गेल्या मार्चमध्ये एका रात्री दीडच्या सुमारास शेजारच्या काकूंनी आमच्या दाराची कडी वाजवली. तात्यांच्या छातीत कळ आली होती. सदरा घामानं चिंब झालेला, आणि एरवी शिवारभर ऐकू जाईल असा आवाज असलेला माणूस कुजबुजत बोलत होता. पुतण्यानं बोलेरो काढली, तात्यांना मागच्या सीटवर आडवं केलं आणि निघालो. गाडी फाट्यावर आली तेव्हा काकूंनी मला पहिला प्रश्न विचारला, "रेशनकार्डाची पिशवी घेतलीयस न्हवं?" घेतली होती. केशरी कार्ड, दोघांची आधार कार्डं, जुने रिपोर्ट, सगळं रबर लावून त्यांनी कधीचं बांधून ठेवलेलं होतं. नवऱ्याच्या छातीत कळ येत असताना बाईला आधी कार्ड आठवतं, यात काकूंचा भाबडेपणा नाही. तालुक्यात दोन जणांचे जीव त्या कार्डावर वाचलेले त्यांनी पाहिले होते.

चौदा किलोमीटरवर, वाटेतल्या सरकारी दवाखान्यात दिवा चालू होता आणि एक सिस्टर जागी होती. ईसीजीचं मशीन होतं, पण त्याचा कागदाचा रोल संपलेला. डॉक्टर त्या रात्री नव्हते. सिस्टरनं तात्यांना एक गोळी चघळायला दिली, बीपी पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "इथं वेळ घालवू नका, सरळ शहरात न्या." शहर सत्तर किलोमीटरवर. आम्ही पोचलो तेव्हा सव्वाचार वाजले होते. तिथल्या खासगी रुग्णालयात सरकारी आरोग्य विमा योजनेचा बोर्ड होता, योजनेची कागदपत्रं बघणाऱ्या आरोग्यमित्राचं टेबल होतं, इमर्जन्सी म्हणून फोनवर मंजुरी मिळाली आणि सकाळी तात्यांची अँजिओप्लास्टी झाली. बिलाचा एक रुपया लागला नाही. तात्या आज घरी आहेत.

हे आधी सांगून टाकतो, कारण पुढं मी जे लिहिणार आहे ते वाचून कुणी मला योजनेचा शत्रू समजू नये. महाराष्ट्रात ही योजना २ जुलै २०१२ रोजी गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड आणि मुंबईच्या दोन जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी या नावानं सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली, आणि २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली ती पाच लाखांची. मग दोन्हींची सांगड घातली गेली, आणि जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं राज्याचा आकडाही पाच लाख झाला, तोही रेशनकार्डाचा रंग न पाहता सगळ्यांसाठी. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, केंद्राचं पाच लाखांचं वेगळं कार्ड आहे.

दीड लाखाचे पाच लाख झाले. आता पुढची मागणी दहा लाखांची येणार आणि कुठलातरी पक्ष ती जाहीरनाम्यात घालणार, हे सांगायला ज्योतिषी नको. माझं म्हणणं एवढंच आहे की या आकड्याची वाढ आता थांबवावी आणि सरकारकडं यापुढं आरोग्यासाठी जो रुपया येईल तो विम्याच्या बाहेर, दवाखान्यात आणि औषधात घालावा.

पाच लाख हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, म्हणून एक साधा भागाकार करून बघू. केंद्र सरकारनं सप्टेंबर २०२४ मध्ये स्वतःच सांगितलं की आयुष्मान भारतखाली तोवर ७ कोटी ३७ लाख रुग्ण दाखल झाले आणि त्यांचा एक लाख कोटी रुपयांवर लाभ झाला. म्हणजे एका दाखल रुग्णामागं सरासरी साडेतेरा हजारांच्या आसपास. कॅन्सरच्या घरात दीड लाख अर्ध्या वाटेवरच संपतात, तिथं मर्यादा वाढणं गरजेचंच होतं. ते मी नाकारत नाही. पण बहुतेक रुग्णांना पाच लाखांच्या जवळपासही जावं लागत नाही. त्यांची अडचण मर्यादेची नाही. रात्री दीड वाजता चौदा किलोमीटरवर ईसीजीचा कागद नसतो, ही त्यांची अडचण आहे.

विमा हा उपचाराचा खर्च भरतो, उपचार निर्माण करत नाही. सर्जन नाही तिथं पाच लाखांच्या कार्डावर सर्जन उगवत नाही. देशातल्या ग्रामीण भागातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीवर, तज्ज्ञ डॉक्टरांची कमतरता २०२१-२२ च्या सरकारी आकडेवारीत सुमारे ८० टक्के होती. सर्जन, फिजिशियन, बालरोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ, कुठंच पुरेशी भरती नाही. योजनेत सामील झालेली (अंगीकृत) खासगी रुग्णालयं मग ही जागा भरून काढतात का? ती मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर, संभाजीनगर अशा शहरांत दाटीनं आहेत. खासगी डॉक्टरला दोष देण्यात अर्थ नाही; जिथं पेशंट, नर्सिंग स्टाफ आणि मुलांची शाळा आहे तिथंच तो हॉस्पिटल काढणार. पण मग भामरागड किंवा धडगावसारख्या दुर्गम तालुक्यातल्या माणसाच्या हातातलं कार्ड आणि पुण्यातल्या माणसाच्या हातातलं कार्ड एकाच किमतीचं आहे, असं म्हणणं बरोबर नाही. एकाला ते रिक्षानं वापरता येतं. दुसऱ्याला आधी गाडीभाड्याची सोय करावी लागते.

काकूंनी एका शाळेच्या वहीत त्या दहा दिवसांचा हिशोब लिहिला आहे. डिझेल आणि परतीची गाडी मिळून साडेचार हजार. मंजुरी येईपर्यंत केलेल्या तपासण्या, दोन हजार शंभर. पुतण्या आणि मी, दोघांचं जेवणखाण. दोन म्हशींची धार काढायला लावलेल्या गड्याची मजुरी. आणि सगळ्यात शेवटी, दर महिन्याला पुन्हा पुन्हा येणारी ओळ: गोळ्या, १९००. रक्त पातळ करण्याची, कोलेस्टेरॉलची, बीपीची, साखरेची. अँजिओप्लास्टी फुकट झाली, पण ती झाल्यावर जगायला ज्या गोळ्या लागतात त्या तात्यांना योजनेतून जेमतेम सुरुवातीचे काही दिवस मिळाल्या. त्यानंतर माणूस आणि औषधाचं दुकान.

इथंच या वादाचं खरं दुखणं आहे, आणि यावर आपल्याकडं फार कमी बोललं जातं. आपल्या सरकारी विमा योजना रुग्ण खाटेवर पडल्यावर सुरू होतात. ओपीडी त्यात सहसा नाही, महिन्याची औषधं नाहीत, साध्या तपासण्या नाहीत. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्य खर्चातले ३९.४ टक्के लोकांनी थेट खिशातून घातले. २०१३-१४ मध्ये हेच प्रमाण ६४.२ टक्के होतं. विम्याची बाजू घेणारे हा उतार दाखवतात आणि तो खरा आहे, चांगलाही आहे. पण अजूनही खिशातून जे जातं त्यातला मोठा वाटा खाटेवरचा नाहीच. तो ओपीडीचा, गोळ्यांचा, रक्त-लघवी तपासण्यांचा आहे. विम्याची मर्यादा पाचाची पन्नास लाख केली तरी त्यातला एक रुपया कमी होणार नाही.

तात्यांचंच बघा. त्यांना साखर आणि बीपी असल्याचं सहा वर्षांपूर्वीच कळलं होतं. दोन्हींच्या गोळ्या उपकेंद्रात मिळायला हव्यात, कधी मिळायच्या, कधी "पुढच्या आठवड्यात या" असं व्हायचं. पुढच्या आठवड्यात कांद्याची काढणी असायची. बरं वाटलं की तात्या गोळ्या सोडून द्यायचे. सहा वर्षांच्या त्या गोळ्यांना सरकारला जो खर्च आला असता तो एका अँजिओप्लास्टीच्या पॅकेजपुढं किती थोडा! सरकारनं गोळ्यांचे पैसे वाचवले आणि मग त्याच्या कितीतरी पट शहरातल्या रुग्णालयाला दिले. यात तात्यांचा निष्काळजीपणा आहे, मी तो त्यांच्या तोंडावर सांगितलाही. पण अर्धी चूक त्या "पुढच्या आठवड्यात या"ची आहे.

विम्याच्या पैशाला एक स्वतःची चालही असते. केलेल्या कामाचे पैसे मिळतात, टाळलेल्या ऑपरेशनचे कुणाला मिळत नाहीत. २००८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत कुटुंबाला अवघं तीस हजारांचं संरक्षण होतं, तरी त्या कार्डांवर छत्तीसगड आणि बिहारमध्ये गरीब बायकांची गर्भाशयं गरज नसताना काढली गेल्याचे आरोप झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२३ मध्ये न्यायालयानं राज्यांना यावर देखरेखीची यंत्रणा उभी करायला सांगितलं. त्याच वर्षी महालेखापरीक्षकांच्या अहवालात निघालं की आयुष्मान भारतचे साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी एकाच मोबाईल नंबरवर नोंदलेले आहेत, आणि आधीच मृत म्हणून नोंद झालेल्या रुग्णांच्या नावावरही उपचारांचे पैसे दिले गेले आहेत. सगळी रुग्णालयं चोर आहेत असं यातून कुणी काढू नये. तात्यांवर उपचार करणारा डॉक्टर रात्री साडेचारला खाली उतरून आला होता. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे: पॅकेजचे दर परवडत नाहीत आणि पैसे वेळेवर येत नाहीत, अशी खासगी रुग्णालयांची तक्रार असते. ऑगस्ट २०२५ मध्ये हरियाणातल्या खासगी रुग्णालयांनी थकबाकीपायी आयुष्मानचे उपचार थांबवले होते. रोजच्या रोज पैसे मोजून विकत घेतलेली सेवा अशी एका दिवसात बंद पडू शकते. बांधलेला दवाखाना आणि नेमलेली नर्स थकबाकीसाठी दुसऱ्या दिवशी दार लावून घेत नाहीत.

किमतीबद्दल एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारनं हृदयाच्या स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. साधा स्टेंट ७,२६० रुपये, औषधाचा लेप असलेला म्हणजे औषधी स्टेंट २९,६०० रुपये. त्याआधी हाच औषधी स्टेंट लाखाच्या वर लावला जात होता. या एका आदेशासाठी सरकारला कुणाच्या विम्याचा हप्ता भरावा लागला नाही, कुणाचं कार्ड काढावं लागलं नाही, आणि फायदा कार्ड असलेल्यालाही झाला, नसलेल्यालाही. विम्यात सरकार चढ्या किमतीचा भार स्वतःच्या खांद्यावर घेतं. किंमत नियंत्रणात तो भारच उतरवतं.

आता मध्यमवर्गाचं. योजनेचा विषय निघाला की आमच्या गावातून पुण्याला गेलेल्या मंडळींच्या ग्रुपवर "फुकट्यांची चैन" असे शब्द येतात. मला ते लागतात. जुन्या करपद्धतीत आरोग्य विम्याच्या हप्त्यावर स्वतःसाठी पंचवीस हजार आणि साठीपुढच्या आईवडिलांसाठी पन्नास हजारांपर्यंत वजावट मिळते, ती सरकारी तिजोरीतूनच मिळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी काढून टाकला, तोही सोडून दिलेला महसूलच आहे. केंद्राच्या नोकरांना १९५४ पासून सीजीएचएस ही त्यांची स्वतंत्र उपचार योजना आहे. यातलं काही चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. माझ्या भावानं ती वजावट घेतली आहे आणि मलाही तिचा उपयोग झाला आहे. पण मग अनुदान आपणही घेतो, केशरी कार्डवालाही घेतो. त्याच्या नावाची यादी लागते, आपली लागत नाही. वाद अनुदान असावं की नसावं हा नाहीच. ते कशावर खर्च व्हावं, हा आहे.

"सरकारी दवाखान्यात पैसा ओतून काय होणार?" हा यावरचा सगळ्यात जड आक्षेप. त्याला उडवून लावता येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या महापालिका रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात बारा नवजात बाळं. तिथं औषधं, खाटा, माणसं सगळ्यावरच ताण असल्याचं तेव्हा बाहेर आलं. हे वाचून ज्याला वाटलं की त्यापेक्षा खासगीचं बिल सरकारनं भरावं, त्याला मी मूर्ख म्हणणार नाही. पण नांदेडला लोक का गेले होते? खासगी रुग्णालयांनी शेवटच्या क्षणी पाठवून दिलेले, लांबून आलेले, दुसरीकडं कुणी न घेतलेले असेच रुग्ण तिथं येत राहतात. हे शेवटचं दार मोडलं तर कुठल्या कार्डावर ते उघडणार आहे? मोडलेलं दार दुरुस्त करायला पैसा लागतो, आणि आपण २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत सरकारी आरोग्य खर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेऊ असं लिहून दिलं होतं. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता.

आणि सरकारी यंत्रणा सुधारतच नाही, हेही खरं नाही. तमिळनाडूनं १९९५ पासून औषध खरेदीचं स्वतंत्र महामंडळ चालवलं, गोदामापासून दवाखान्यापर्यंतचा साठा नोंदीत ठेवला, आणि इतर राज्यं ते बघायला गेली. राजस्थाननं २०११ मध्ये त्याच धर्तीवर मोफत औषधं सुरू केली. थायलंडनं २००२ मध्ये सगळ्यांना आरोग्य संरक्षण दिलं तेव्हा एका भेटीला ३० बाट एवढंच शुल्क ठेवलं. पण त्याच्या आधीची कित्येक वर्षं त्यांनी जिल्ह्याखालची रुग्णालयं बांधण्यात आणि नव्या डॉक्टरांना खेड्यात पाठवण्यात घालवली होती. कार्ड नंतर आलं. आपल्याकडं क्रम उलटा झाला.

उलटी दिशा कुठं नेते ते अमेरिकेत दिसतं, जिथं आपलीही हजारो मराठी घरं विम्याचे हप्ते भरतात. तिथं विम्यावरचं वाढीव अनुदान २०२१ मध्ये आलं, ते चालू ठेवायचं की नाही यावरून २०२५ च्या शरदात केंद्र सरकार ४३ दिवस बंद राहिलं, आणि वर्ष संपताना ते अनुदान संपलंच. अनुदान गेलं की लाखो कुटुंबांना हप्ता भरायचा की विमा सोडायचा हे ठरवावं लागतं, कारण बहुतेकांना विम्याच्या बाहेर उभं राहायला जागाच नाही. आपल्याकडं ती जागा अजून आहे. पडकी का असेना, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रूपात ती गावोगाव आहे.

सिंधुदुर्गातल्या लोकांना हे वेगळं सांगावं लागत नाही. सावंतवाडी, दोडामार्गचा पेशंट पिढ्यान्‌पिढ्या बांबोळीला जात आलाय, गोवा मेडिकल कॉलेजात, कारण जवळचं मोठं सरकारी इस्पितळ तेच होतं. २०१८ च्या जानेवारीत गोव्यानं बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा इकडं आंदोलनं झाली. त्या आंदोलनात लोक विम्याची रक्कम वाढवा म्हणत नव्हते. शुल्क काढा आणि आम्हाला जिल्ह्यातच असं इस्पितळ द्या, असं म्हणत होते.

आपल्याकडं असलेलंही आपण नीट वापरत नाही. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्यायच्या, ही योजना उच्च न्यायालयाच्या आदेशानं २००६ पासून लागू आहे. जमीन, सवलती यांच्या बदल्यातली ही बांधिलकी आहे, त्यासाठी सरकारला विम्याचा हप्ता भरावा लागत नाही. गावाकडच्या किती जणांना ती माहीत असते? त्या रात्री मलाही आठवली नव्हती.

येत्या अर्थसंकल्पात मला मर्यादेचा नवा आकडा नको आहे. प्रत्येक उपकेंद्रात बीपी, साखर आणि हृदयाच्या गोळ्या बारा महिने मिळाव्यात, "पुढच्या आठवड्यात या" हे वाक्य बंद व्हावं. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात रात्रीही एक फिजिशियन, एक सर्जन, एक स्त्रीरोगतज्ज्ञ आणि एक भूलतज्ज्ञ असावा, त्यांना क्वार्टर नीट असावं, मुलांच्या शाळेचा विचार व्हावा, पगार खासगीशी बोलू शकेल असा असावा. सरकारी रुग्णालयानं योजनेतून केलेल्या उपचारांचा पैसा त्याच रुग्णालयात राहावा आणि ईसीजीच्या कागदासाठी जिल्ह्याकडं मागणीपत्र न पाठवता तिथल्या तिथं खर्च करता यावा. विमा आहे तसा राहू दे. त्याच्यावर आणखी मजला चढवू नका, एवढंच.

तात्यांच्या गोळ्या मी आता महिन्यातून एकदा तालुक्याच्या जनऔषधी दुकानातून आणतो. तिथं साखरेची आणि बीपीची स्वस्तात मिळते, बाकीच्या दोन कधी असतात, कधी नसतात. गेल्या शनिवारी पाकीट हातात घेऊन तात्यांनी विचारलं, "ह्या कार्डावर मिळत न्हाईत का रं?" मी नाही म्हणालो. त्यांनी चष्मा लावून एकेक स्ट्रिप उलटून मागची किंमत वाचली, आणि काकूंना वही आणायला सांगितली.